काचेच्या खेळाचा उन्हाळा

मे महिना लागला की जबलपुरात दुपारी कुणी कुणाशी धड बोलत नाही. तोंड उघडलं की उन्हाची लू आत शिरते, असं आमची आई म्हणायची. त्या काळी कुल्फीवालासुद्धा दुपारी ओरडायचा नाही, नुसती घंटी वाजवत जायचा. आता घरोघरी कूलर आहेत आणि त्यांची घरघर एवढी की बोलून उपयोग नाही. कारण बदललं, दुपार तीच राहिली. मी अजून खिडकीला वाळ्याची टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, लावते. सून हसते, म्हणते, ‘‘मम्मीजी, ये सब अब कौन करता है?’’ मी करते. पहिलं पाणी शिंपडलं की वाळ्याचा तो ओला, मातकट वास येतो आणि माझं वय एकदम दहावर येऊन थांबतं. एवढ्या स्वस्तात कोण नेतं हो माणसाला इतकं लांब?

यंदा टट्टी भिजवत असतानाच आमच्या मराठी मंडळातून फोन आला. नवी सेक्रेटरी आहे, गोड मुलगी आहे, पण मराठी बोलताना दर दोन शब्दांनी हिंदीच्या काठाला धरते. म्हणाली, ‘‘मावशी, सुट्टीत मुलांचा कॅम्प ठेवून राहिलो आहोत. मराठीचा. तुम्ही घ्याल का प्लीज? मुलं समझतात सगळं, पण बोलतच नाहीत.’’

मी म्हटलं, ‘‘बोलत नाहीत, की बोलत नाहीत असं तुम्हाला वाटतं?’’

‘‘मतलब?’’

मतलब सांगायला फोन पुरला नसता. मी ‘येते’ म्हणाले आणि टट्टीवर उरलेलं पाणी ओतून टाकलं.

मराठीचं शिबिर म्हटलं की मला एकच शिबिर आठवतं. बांगलादेशची लढाई झाली, त्या वर्षीच्या उन्हाळ्यातलं. जगाच्या लेखी ती लढाई हिवाळ्यात झाली. आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांमध्ये ती उन्हाळ्यातच सुरू झाली होती. वर्तमानपत्रात काही नसायचं, रेडिओ काही सांगायचा नाही, पण वडील लोक सकाळच्या भोंग्याला जाऊन दिवेलागणीनंतर परतायला लागले, रविवार बुडायला लागले, की बायका एकमेकींकडे बघून ओळखायच्या. नळावर एखादी म्हणायची, ‘‘तुमच्याकडेही ओव्हरटाइम?’’ दुसरी नुसती मान हलवायची. पुढचं कुणी बोलायचं नाही. पुढचं बोलायचं नसतं, हे आम्हाला चालता येण्याच्या आधीपासून शिकवलेलं होतं.

माझे बाबा रेंजवर होते. बनलेला माल तिथं डागून पाहत. याच्यापलीकडे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आज तरी कुठे फारसं माहीत आहे! डोंगरापलीकडून ‘धडाम’ आवाज यायचा, खिडकीच्या काचा थरथरायच्या, फळीवरची पितळेची ताटं एकमेकींना लागून वाजायची. आईनं प्रत्येक ताटाखाली वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली होती. पाहुणे दचकायचे. आम्ही दचकायचो नाही. उलट आवाज थांबला की धाकटी बहीण बेबी पाळण्यातून जागी व्हायची, असं आई कौतुकानं सांगे. बाबांच्या शर्टाच्या खिशात नेहमी कापसाचे बोळे असत. मला लहानपणी वाटायचं, बाबा अत्तराचा फाया ठेवतात. मी वास घेऊन पाहिला होता. तेलाचा आणि घामाचा वास यायचा.

तर ते शिबिर. मंडळाच्या लोकांना काळजी पडली होती की बाप सगळे फॅक्टरीत, आया घरकामात आणि पोट्टे दिवसभर मैदानात हिंदीतून भांडून राहिले. यांची मराठी जाणार. म्हणून नागपूरहून एका बाईंना बोलावलं. विमलताई त्यांचं नाव. विशी नुकतीच ओलांडलेली, बारीक अंगाची, दोन वेण्यांची बाई. बालवाडीचं शिक्षण घेतलेली. तिलवाऱ्याचा पूल ओलांडून बस गावात शिरली तेव्हा नर्मदेच्या वाळूत टरबुजांचे ढीग पाहून त्या म्हणे एवढ्या हरखल्या, की मंडळाच्या हॉलवर आल्या त्या कुशीत टरबूज घेऊनच. आम्हा मुलांना तिथंच त्या आवडल्या. टरबूज कापून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘याची चव सांगा बरं. पण गोड हा शब्द वापरायचा नाही.’’

झालं! आम्ही बसलो एकमेकांची तोंडं पाहत. मग बंड्या नावाचा एक आगाऊ मुलगा म्हणाला, ‘‘ताई, असं लागते जसं तोंडात कुणी पंखा सुरू केला.’’ विमलताईंनी टाळ्या वाजवल्या. बंड्याला दुसरी फोड मिळाली आणि त्या क्षणी आम्हा सगळ्यांना कळलं की इथं बोललं की खायला मिळते.

त्यांच्याकडे पुस्तक नव्हतं, फळा नव्हता, छडी तर नव्हतीच. नुसते खेळ. एक खेळ बाजाराचा. भाजीचं नाव न घेता भाजी विकायची. पनागरच्या भाजीवाल्या डोक्यावर टोपली घेऊन गल्लीत यायच्या, त्यांच्याकडून आम्ही भटे आणि गिलकी घ्यायचो. घरी गेल्यावर त्यांची वांगी आणि घोसाळी व्हायची. आमच्या डोक्यात दोन्ही नावं एकाच टोपलीत पडलेली असत. विमलताईंनी कधी ‘हे हिंदी, हे टाक’ असं म्हटलं नाही. म्हणायच्या, ‘‘घे ना दोन्ही. टोपली मोठी आहे.’’ आम्ही वांग्याचं वर्णन करून करून दमायचो आणि शेवटी कुणीतरी ‘‘ज्याचं भरीत माझे बाबा खात नाहीत ते!’’ असं ओरडून सगळा बाजार उठवायचं.

पण एका खेळात त्यांची गाडी अडली. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गोलात बसवलं आणि सांगितलं, ‘‘आज प्रत्येकानं आपल्या वडिलांचं काम सांगायचं. ते दिवसभर काय करतात, हातात काय असतं, कसे आवाज येतात. बाकीच्यांनी ओळखायचं.’’

गोल गप्प. पंखा फिरत होता. वाळ्याची टट्टी ठिबकत होती. विमलताईंनी एकाकडे पाहिलं, त्यानं खाली पाहिलं. दुसरीकडे पाहिलं, तिनं फ्रॉकचं टोक तोंडात घातलं. माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ताईंचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांना वाटलं असणार, एवढे दिवस खेळवलं ते सगळं वाया गेलं, या मुलांना चार वाक्यं सलग येत नाहीत. त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, ‘‘बरं, हिंदीत सांगा. चालेल मला.’’

तरी कुणी बोलेना. मग बंड्याच म्हणाला, ‘‘ताई, मना है.’’

‘‘काय मना आहे?’’

‘‘सांगणं.’’

‘‘काहून?’’

‘‘बस, मना है.’’

त्यांना कुणी तरी संध्याकाळी समजावलं असेल. फॅक्टरीतलं फॅक्टरीतच ठेवायचं, तिथलं घरी आणायचं नाही, घरातलं मुलांनी बाहेर न्यायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. देवघरातल्या दिव्याइतका पाळला जायचा. बाईला बिचारीला काय ठाऊक! तिच्या नागपुरात बाप लोक कारकून, मास्तर, दुकानदार. त्यांच्या कामात लपवण्यासारखं काय? दुसऱ्या दिवशी त्या आल्या, गोलात बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘काल मी चुकले. आज आईचं काम सांगा.’’

अरे बाप्पा! मग काय विचारता. जणू धरणाचं दार उघडलं. माझी आई भोंग्याच्या आधी उठते. माझी आई स्टोव्हला शिव्या देते. माझी आई दळण आणते आणि रस्त्यात गिरणीवालीची सगळी गोष्ट ऐकून येते. माझी आई बाबांचा डबा भरते आणि डब्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहते. कुणाला एक शब्द अडला नाही. विमलताई हसत होत्या आणि मधूनच पदर डोळ्यांना लावत होत्या. आमची मराठी कुठे राहत होती, हे त्यांना त्या दिवशी सापडलं.

आता माझ्या घरचं सांगते. त्या उन्हाळ्यात माझे बाबा माझ्याशी बोलेनासे झाले होते. रागवायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. उलट हसायचे. पण शिबिरातून आल्यावर मी धावत जाऊन सांगावं, ‘‘बाबा, आज शब्दांच्या भेंड्यांत मी सगळ्यांना हरवलं,’’ आणि सायकल उलटी करून चेन लावत बसलेल्या बाबांनी मानही वर करू नये. पुन्हा सांगावं, तरी नाही. मग सावली पडली की वर पाहायचे, हसायचे आणि ‘‘हो, हो’’ म्हणायचे. कशाला ‘हो’? मी काही विचारलंच नव्हतं. पूर्वी हेच बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून, सदर बाजारातून खोव्याची जिलबी खायला घालून आणायचे आणि रस्ताभर माझ्या बडबडीला उत्तरं द्यायचे. मला खात्री पटली होती की आता बाबांचं माझ्यावरचं मन उडालं. बेबी आली, गोरी आहे, गुटगुटीत आहे, आता नलूची काय गरज? दहा वर्षांच्या मुलीला याच्याहून मोठं दुःख असूच शकत नाही.

आईला सांगितलं तर ती म्हणायची, ‘‘काहून तोंड फुगवून बसून राहिली? लढाईचं काम आहे. डोक्यात शंभर गोष्टी असतील. छेडू नको त्यांना.’’ तिचंही तेच चाललं होतं. ‘‘अहो, ऐकलं का? दूध पाहा जरा,’’ असं ती अंगणातून ओरडायची. स्टोव्हपाशी बसलेले बाबा दुधाकडे पाठ करून विडी ओढत राहायचे आणि दूध उतू जायचं. आई धावत येऊन पातेलं उतरवायची, तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. नळावर इतर बायकाही तेच सांगायच्या. यांचंही लक्ष नसतं, ते घरी आले तरी तिथंच असतात. लढाई अशी घराघरातून माणसं नेत असते, असं सगळे धरून चालले होते. जी माणसं विचारायचं नाही हे शिकून मोठी झाली, त्यांनी नाहीच विचारलं.

शिबिर संपत आलं तेव्हा विमलताईंनी एक नवीन खेळ आणला. काचेचा खेळ. आम्ही पोरं शब्द गिळतो, तोंड न उघडता बोलतो, ही त्यांची तक्रार होती. म्हणून हा उपाय. दोन गट समोरासमोर. मध्ये काच आहे असं समजायचं, जाड, बंद काच. इकडचा आवाज तिकडे जात नाही. एकानं पूर्ण वाक्य बोलायचं, पण आवाज काढायचा नाही. नुसते ओठ. पलीकडच्यांनी ओळखायचं. हसून हसून मुरकुंडी वळायची. बंड्या जबडा एवढा वासायचा की त्याचा पडलेला दात दिसायचा. पण खरं सांगते, त्या खेळानं आमची वाणी सुधारली. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. समारोपाला आईवडिलांना बोलावून हाच खेळ त्यांच्यासमोर करायचा ठरलं. गटात घेतलं जावं म्हणून मी घरी सराव करायला लागले.

ती संध्याकाळ अशी होती. बाबांना किती तरी दिवसांनी सुट्टी मिळाली होती. आईनं अंगणात पाणी मारलं होतं, तापलेल्या फरशीतून वाफ निघत होती. बाबा खाटेवर बसून कैरी सोलत होते. मी भिंतीपाशी उभी आणि समोर शेजारची शोभा. मधल्या हवेची काच. मी ओठ हलवले, ‘आईनं पन्हं मोठ्या माठामागे लपवलं आहे.’ शोभाला कळेना. ‘‘आईनं... पाणी... माठात...’’ ती चाचपडत होती. मी पुन्हा ओठ हलवले, आणखी मोठे.

बाबा कैरीवरून मान वर करून म्हणाले, ‘‘अच्छा? मोठ्या माठामागे का? आण मग पेलाभर.’’

मी खूश! बाबांनी ओळखलं! मी उड्या मारत ओरडले, ‘‘शोभा, बाबा जिंकले! बाबा जिंकले!’’ आई आतून पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, ‘‘पन्ह्याचं कुणी सांगितलं यांना?’’

बाबांनी तिचं तोंड पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. ‘‘ही बोलली ना आत्ता. चांगली मोठ्यानं बोलली.’’

शोभा खिदळली. ‘‘काका, मोठ्यानं कुठे? ती बिनआवाजाची बोलून राहिली होती. खेळ आहे ना!’’

शोभा बाबांच्या डाव्या हाताला उभी होती. बाबा माझ्याकडेच पाहत होते. त्यांनी शोभाकडे वळून पाहिलं नाही. अजूनही ते माझ्याकडे पाहून हसत होते, पन्ह्याची वाट पाहत.

आईचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. तिनं मला खूण केली, गप्प. मग ती खाटेला वळसा घालून बाबांच्या मागे जाऊन उभी राहिली. म्हणाली, ‘‘अहो.’’ बाबा कैरी सोलत राहिले. ती म्हणाली, ‘‘ऐकलं का?’’ साल लांबच लांब खाली लोंबत होती. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला. इकडेतिकडे पाहिलं, कुणी मोठं माणूस नाही ना. आणि मग माझ्या आईनं, जी राशन दुकानातही नवऱ्याचं नाव सांगायची वेळ आली तर मला पुढे करायची, तिनं अंगणात उभं राहून स्वच्छ आवाजात म्हटलं,

‘‘प्रभाकर.’’

बाबा वळले नाहीत.

ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा तर ओरडलीच. शोभा घाबरून घरी पळाली. बाबांना कळलं ते माझ्या तोंडाकडे पाहून, कारण मी रडायला लागले होते. मग ते वळले. मागे आई उभी. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले आणि बाबांच्या हातातली कैरी गडगडत नालीत गेली.

आई त्यांच्या समोर येऊन जमिनीवरच बसली. आमचा खेळ ती रोज पाहत होती. तिनं आवाज काढला नाही, तोंड मोठं उघडून ओठांनी विचारलं, कधीपासून?

‘‘दिवाळीपासून कमी झालं. होळीनंतर फारच,’’ बाबा म्हणाले. ‘‘भोंगा तेवढा कळते. पायातून.’’

‘‘काहून नाही सांगितलं?’’ आता तिचा आवाज फुटला होता. त्यांना तो ऐकू आला नसेल, पण दिसला.

बाबांनी हातातला चाकू बाजूला ठेवला. मग म्हणाले, ‘‘तिथलं घरी आणायचं नाही, असंच आहे ना?’’

म्हणजे पाहा! या माणसानं आपले दोन कानही फॅक्टरीचा माल म्हणून तिथंच ठेवले होते. आणि आम्ही घरचे लोक, त्यांच्या गप्प बसण्याला लढाईचं काम समजून आदरानं बाजूला सरत होतो. विमलताईंना आमची मुकी तोंडं पाहून मराठी नाही असं वाटलं, तसंच बाबांना गप्प पाहून आम्हाला त्यांचं लक्ष नाही असं वाटलं. कोण कुणाला हसणार? मला मात्र त्या रडण्यातही एक गोष्ट लख्ख कळली. बाबांचं मन उडालं नव्हतं. मी पाठीमागून बोलत होते, एवढंच. मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, नाक पुसलं आणि ओठ नीट उघडून सांगितलं, ‘‘बाबा, भेंड्यांत मी सगळ्यांना हरवलं.’’ ते म्हणाले, ‘‘कधी?’’ मी म्हटलं, ‘‘मागच्याच्या मागच्या सोमवारी.’’ ते म्हणाले, ‘‘आणि मला आज सांगतेस?’’ आणि माझ्या पाठीत एक धपका घातला. एवढा गोड धपका मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही.

बाबांचं म्हणणं पडलं, एवढी धामधूम आटपू दे, मग दवाखान्यात जाऊ. आता सांगितलं तर तिथून हलवतील. आई भांडली, पण फार नाही. निवृत्तीनंतर कधी तरी त्यांनी एवढंच सांगितलं की रेंजवर सगळं झेंड्यांच्या खुणांवर चालायचं, तिथं कान नसले तरी डोळ्यांवर भागायचं. बाकी मना है.

समारोपाला बाबा आले. धुवट शर्ट, तेल लावलेले केस. सुरुवातीला नेमका कानगोष्टींचा खेळ निघाला. पालकांनी रांगेत उभं राहून एकमेकांच्या कानात वाक्य पुढे सरकवायचं. बाबांना रांगेत ओढायला दोघं उठलेसुद्धा. पण आई, जी चारचौघांत कधी तोंड उघडायची नाही, पुढे होऊन म्हणाली, ‘‘त्यांना पुढल्या खेळात घ्या. त्यांचा त्यात हात कुणी धरणार नाही.’’ आणि नाहीच धरला. काचेच्या खेळात आम्ही मुलांनी जे जे वाक्य टाकलं ते बाबांनी झेललं. बंड्यानं मुद्दाम भरभर म्हटलेलं वाक्यही. हॉल टाळ्यांनी दणाणला. विमलताई त्यांच्यासमोर येऊन म्हणाल्या, ‘‘काका, शिबिराला न येता कसं शिकलात?’’ बाबा त्यांचे ओठ पाहून हसले. म्हणाले, ‘‘घरी शिकवणी आहे.’’

आणि खरंच होती. आमच्या घराची बोलण्याची रीतच बदलली. पाठीमागून कुणी बोलायचं नाही, तोंडात घास घेऊन बोलायचं नाही, उजेडात या, समोर बसा, मग सांगा. हिवाळ्यात खरी लढाई आली. ब्लॅकआउट झाला, काचांना काळे कागद लागले. संध्याकाळ झाली की बाबा आम्हाला ऐकू शकेनात. तेव्हा आई त्यांचा हात मांडीवर घेऊन तळव्यावर बोटानं अक्षरं काढायची. काय काढायची, ते मी कधी विचारलं नाही. काही गोष्टी घरातही विचारायच्या नसतात. लढाई संपल्यावर बाबा दवाखान्यात गेले, त्यांना स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. कान काही परत आले नाहीत. कानाचं यंत्र मिळालं ते त्यांनी डब्यात ठेवलं. म्हणायचे, ‘‘यानं कुत्रे ऐकू येतात, माणसं नाही.’’

परवा मी मंडळाच्या शिबिरात काचेचा खेळ घेतला. आता मुलांचे आईबाप फॅक्टरीत कमी, बँकेत आणि कॉम्प्युटरवर जास्त. मुलं वाढली मोबाइलच्या काचेपुढे, त्यामुळे काच म्हणजे काय ते समजवावं लागलं नाही. एक आर्या नावाची मुलगी, हिंदीशिवाय अवाक्षर न काढणारी. तिनं नुसत्या ओठांनी, अख्खं मराठी वाक्य उच्चारलं. आवाजाची लाज वाटत होती, ओठांची वाटत नव्हती. सेक्रेटरी मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘‘मावशी, ही बोलते!’’ मी म्हटलं, ‘‘समोर येऊन सांग. कानात नको.’’

एक गोष्ट राहिली. त्या संध्याकाळनंतर आईनं बाबांचं नाव घेणं सोडलं नाही. समोरून नाही हं! समोर ‘अहो’च. पण सकाळी बाबा अंगणात खिळ्याला आरसा टांगून दाढी करायला बसायचे, तेव्हा ती मागे तुळशीला पाणी घालता घालता खुशाल म्हणायची, ‘‘प्रभाकर, पाणी गार होऊन राहिलं बरं.’’ ‘‘प्रभाकर, आज काय रांधू तुझ्यासाठी?’’ अहो-जाहो नाही, थेट अरेतुरे. वाट्टेल ते बोलायची, हसायची, कधी एखादी तक्रारही करायची. ऐकणारं कुणी नव्हतं ना. मी दारातून पाहायचे आणि मला तिची कीव यायची, की एवढं गोड बोलते आणि ज्याच्यासाठी बोलते त्याला पत्ताच नाही.

माझं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात एकदा मला राहवलं नाही. आई आत गेल्यावर मी बाबांच्या समोर जाऊन बसले आणि म्हटलं, ‘‘बाबा, तुम्हाला ठाऊक आहे, आई रोज तुमच्या पाठीमागे काय म्हणते?’’

बाबांनी वस्तरा पाण्यात बुडवला. समोरच्या आरशात दाराची चौकट दिसत होती, तुळस दिसत होती, तुळशीपुढची ओली जागा दिसत होती. त्यांनी आरसा खिळ्यावर जरासा सरळ केला.

‘‘रोज दिसते,’’ ते म्हणाले. ‘‘पण तिला सांगू नको, नलू. ती बंद करेल.’’